निवडणं

पट्टा सुरू झाला की पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसत नाही. नुसता तपकिरी ओघ. पिकान हा अक्रोडाचा चुलतभाऊ, जरा लांबुडका. यंत्रातून फुटून आला की गर, तुकडे, कवचाच्या चिपा, सगळं एकाच रंगाचं. हलका कचरा हवेच्या झोतानं उडून गेलेला असतो. उरलंसुरलं आमच्या वाट्याला. समोरच्या सत्तरीच्या बाई मात्र गप्पा मारता मारता दोन बोटांनी नेमकी चीप उचलतात. माझी नजर पोचेपर्यंत ती डब्यात.

तिसऱ्या दिवशी जरा हात बसला. कवचाला धार असते, गराला नसते. खोबणीत अडकलेला तांबूस पापुद्रा कडूजहर, तो नखानं काढायचा. काळा ठिपका म्हणजे किडीनं सोंड खुपसलेली. तो गर बाद. आमची आजी तांदूळ निवडायची तेव्हा सगळं सूप बघायचीच नाही, खडा असेल तिथेच तिचं बोट जायचं. ते आता मी अमेरिकेतल्या जॉर्जियात येऊन शिकतोय. राहणं-जेवणं फार्मचं, हात माझे.

अमेरिकस गावाजवळचं हे कॉइनोनिया फार्म. १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन आणि मार्टिन इंग्लंड या दोघांच्या कुटुंबांनी इथे ४४० एकर जमीन घेतली. जॉर्डन शेतकीचे पदवीधर, शिवाय ग्रीक नव्या कराराचे डॉक्टर. कॉइनोनिया हा त्याच ग्रीकमधला शब्द. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी 'सहभागिता' म्हणतात. मिळकत सामाईक, आणि गोरे-काळे एका टेबलावर जेवणार. गावाला खटकलं ते हे दुसरं. आपल्याकडे सहभोजनं ठरवून, जाहीर करून व्हायची. इथे ते रोजचं दुपारचं जेवण होतं.

१९५६ पासून गावानं वाळीत टाकलं. बी-बियाणं मिळेना, खत मिळेना, विमा रद्द, अंडी घ्यायला गिऱ्हाईक नाही. रस्त्याकाठचं विक्रीचं दुकान बॉम्बनं उडवलं. कॅथलिक वर्कर चळवळीच्या डोरोथी डे १९५७ च्या ईस्टरच्या सुमाराला मदतीला आल्या होत्या. रात्रीच्या पहाऱ्याला गाडीत बसल्या असताना त्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. स्वयंसेवकाची ड्यूटी तेव्हा अशीही असे. मी चिपा वेचतोय.

मग पिकान टपालानं विकायची शक्कल निघाली. दुकानदाराला दम देता येतो, पण टपालखातं वॉशिंग्टनचं. 'जॉर्जियातले नट्स बाहेर धाडायला मदत करा' अशी जाहिरात केली. नट म्हणजे कवचाचं फळ, आणि डोकं फिरलेला माणूसही. घरावर गोळ्या येत असताना असला विनोद सुचणं मला त्यांच्या शेतीपेक्षा भारी वाटतं.

बाराला घंटा होते. पट्टा थांबला तरी डोळ्यांपुढून तपकिरी ओघ चालूच. आज जेवणानंतर गोडाला 'पिकान पाय' होता. समोरच्या बाई खाता खाता थबकल्या, दातांखालून काहीतरी काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि माझ्या बशीच्या काठावर ठेवलं. कवचाची चीप, चांगली नखाएवढी. मग त्यांनी विचारलं, दुपारी माझ्या शेजारी बसतोस का?