गालिच्याची गाठ

गालिचा म्हटला, की डोळ्यांपुढे बादशहाचा दरबार उभा राहतो. कैद्याची कोठडी नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या येरवडा कारागृहातले गालिचे नावाजलेले होते. हे वाचल्यापासून मला कुतूहल लागले, की गालिच्यावरची ती मऊ लव धाग्यांत बसते तरी कशी?

साध्या कापडात धागे दोनच : उभा ताणा आणि आडवा बाणा. गालिच्यात तिसरा येतो, लोकरीचा. विणकर ताण्याचे शेजारचे दोन धागे धरतो, त्यांना लोकर वेढतो, टोके पुढे ओढतो आणि सुरीने कापतो. तुर्की पद्धतीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढते व टोके त्यांच्या मधून एकत्र बाहेर पडतात. इराणी पद्धतीत एकाच धाग्याला पुरा वेढा बसतो, दुसऱ्याच्या नुसती मागून लोकर जाते. आपल्याकडे बहुधा हीच चालते.

हिला गाठ म्हणतात खरे. पण आमच्या उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्यातली गाठ ओढली की आवळते, तशी ही नव्हे. एक टोक ओढले तर निसटते. म्हणून गाठींची ओळ पुरी झाली, की बाणा घालून पंजाने, म्हणजे दात्यांच्या जड फणीने, ठोकतात. त्या दाबावरच सारी लव उभी असते. मग कात्रीने ती सारखी करायची.

माझे वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. मजुरी नगावर, त्यामुळे मलाही हिशेबाची खोड आहे. चौरस इंचात १०० गाठी धरल्या, तर चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात ३,४५,६०० गाठी झाल्या. मिनिटाला दहा, रोज आठ तास, तर एका माणसाचे ७२ दिवस! ठोकणे-कातरणे वेगळेच.

आता कैद्याचे हे ७२ दिवस तुरुंगाला जवळजवळ फुकट. पोटासाठी विणणाऱ्याने त्याच्याशी भावात कसे टिकावे? मुंबईत डॉक्टरी केलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक टीका केली. नक्षी बिघडल्याचेही त्यांना दुःख होते. मला मात्र नक्षीआधी विणणारा दिसतो. हात त्याचे, आणि गालिचा ओळखला गेला येरवड्याच्या नावाने.

कुठे हातविणीचा गालिचा दिसलाच, तर कोपरा उलटून पाहावा. पुढून नुसती लव दिसते. मागून एकेक वेढा ओळीने बसलेला दिसतो. एक इंच उभा, एक इंच आडवा मोजून गुणाकार करावा.