जन्मापूर्वीचे रुग्णालय

भोपाळच्या साकेत नगरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा, म्हणजे ‘एम्स’चा, विस्तीर्ण परिसर आहे. २०१२ साली देशात अशा ज्या सहा नव्या संस्था सुरू झाल्या, त्यांपैकी ही एक. मुलताई-भैंसदेहीकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांनाही मोठ्या उपचारासाठी नागपूर नाही तर भोपाळ गाठावे लागते. प्रसूती, बालरोग, रेडिओलॉजी, शस्त्रक्रिया हे विभाग एकाच आवारात असलेल्या अशा ठिकाणी गर्भस्थ शिशूसाठी केंद्र उभारावयाचे, तर त्याला लागते काय? सोनोग्राफीचे उत्तम यंत्र, हे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे.

वस्तुतः ही विद्याच एकट्याच्या हातून जन्मली नाही. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणारे ध्वनियंत्र मानवी उदरासाठी वापरून पाहिले. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा जो निबंध आला, त्यावर जॉन मॅकव्हिकार या डॉक्टरांबरोबर टॉम ब्राउन या अभियंत्याचेही नाव होते.

एक उदाहरण घ्यावे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास केलेल्या तपासणीत दिसले की, गर्भाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली आहे. उदरात असेतो बाळाला त्याचा उपद्रव नसतो. प्राणवायू वारेतून मिळतच असतो. जन्मानंतर मात्र काही तासांतच ते निळे पडू लागते. हृदयाजवळची एक लहान वाहिनी जन्मानंतर मिटत जाते. ती औषधाने उघडी ठेवावी लागते आणि पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे दोष एकाने पाहिला, तरी हृदयरोगतज्ज्ञाने तो निश्चित करावा, प्रसूतितज्ज्ञाने जागा व वेळ ठरवावी, नवजात शिशूच्या डॉक्टरांनी औषध हाताशी ठेवावे, शल्यचिकित्सकाला आधी कळलेले असावे. ही साखळी जुळलेली नसेल, तर लिफाफ्यातला अहवाल त्या आईला केवळ धास्ती देतो.

आणि येथे वेळ फार थोडा असतो. २००८ साली, गर्भाच्या हृदयात दोष आढळल्याने, एका दांपत्याने गर्भपाताच्या अनुमतीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. अनुमती मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे आला. त्या मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोग्राफीतज्ज्ञ असावेत, असे कायदाच सांगतो. जे एकत्र बसणे कायद्याला अखेरीस आवश्यक वाटले, ते आरंभीच का नसावे? गर्भलिंग सांगण्यास मात्र अशा केंद्रात मुळीच थारा नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली.

म्हणून केंद्राची खरी उभारणी दिनक्रमात आहे. बैतूलहून दीडशेहून अधिक किलोमीटर आलेल्या बाईला सोनोग्राफी मंगळवारी आणि हृदयतज्ज्ञ शुक्रवारी, असे सांगणे म्हणजे तिला परत पाठवणेच होय. सर्व भेटी एकाच दिवशी, सर्वांची टिपणे एकाच कागदावर, आठवड्यातून एकदा सर्व तज्ज्ञांची बैठक, आणि रुग्णाला नावानिशी ओळखणारी एक परिचारिका. यांचा खर्च यंत्रापुढे किरकोळ आहे. दार लावता येईल अशी एक खोलीही हवी. तेथे नवऱ्याला आणि सासूलाही बसवून, त्यांच्या बोलीत, सावकाश सांगता येते. सिकलसेलच्या बाबतीत तर हे संभाषण यंत्राहून मोलाचे ठरते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला तो रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाले.

मूल दगावले, तरी केंद्राचे काम संपत नाही. कारण शोधणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचे काम तेथूनच सुरू होते. पाठीच्या कण्याचा दोष असलेले मूल ज्या आईला एकदा झाले, तिने पुढच्या वेळी मोठ्या मात्रेत फॉलिक आम्ल घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने दाखवले. मात्र ते दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावे लागते; तेव्हा ही गोष्ट तिला रुग्णालयातून घरी जाण्याआधीच कुणीतरी सांगितलेली असली पाहिजे.