इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पारख व निगा

गावातील किराणा दुकान, खते व बियाणे यांचे विक्री केंद्र, भाजीचा गाळा, कापसाची किंवा सोयाबीनची खेडा खरेदी, यांपैकी कोठेही आता दोन पारड्यांचा तराजू क्वचितच दृष्टीस पडतो. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याने घेतली आहे. त्याचे आकडे लखलखीत दिसतात आणि ते ग्रॅमपर्यंत असतात, त्यामुळे ते अचूकच असले पाहिजेत असा समज सहज होतो. हा समज बरोबर नाही. आकडा बारीक दिसणे निराळे आणि वजन खरे असणे निराळे.

चुकीच्या काट्याने केवळ गिऱ्हाईकच नागवला जातो असेही नाही. समजा, एका दुकानात दिवसाकाठी २०० वेळा माल तोलला जातो आणि काटा प्रत्येक वेळी खऱ्या वजनाहून ५ ग्रॅम कमी दाखवितो. तेवढा माल दुकानदाराच्या हातून जास्त जातो. दिवसाला १ किलो आणि ३०० दिवसांत ३०० किलो माल फुकट गेला, हे त्याला कळतही नाही. उलट, खरेदीच्या काट्याने ५० किलोंच्या पोत्यामागे २०० ग्रॅम कमी दाखविले, तर १०० पोती घालणाऱ्या शेतकऱ्याचा २० किलो माल हिशेबाबाहेर राहतो. काटा हे दोघांच्याही उत्पन्नाशी निगडित असलेले यंत्र होय.

एकेकाळी शेर, पायली, मण यांचे मान गावोगाव बदलत असे. एका बाजारातील मण दुसऱ्या बाजारात चालत नसे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने वापरात येऊ लागली आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारात दशमान वजनेच सक्तीची झाली. ८० तोळ्यांच्या शेराचे वजन सुमारे ९३३ ग्रॅम भरते. म्हणजे शेराला किलो समजणारा मनुष्य दर शेरामागे ६७ ग्रॅमना फसत असे. आजचा व्यवहार वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ या कायद्याखाली चालतो. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे.

काटा चुकतो कसा, हे समजण्यासाठी त्याची रचना माहीत असणे आवश्यक आहे. जुना तराजू तुलना करतो. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. दांडी आडवी झाली की काम झाले. इलेक्ट्रॉनिक काट्यात दुसरे पारडे नसते. ताटाखाली ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा एक ठोकळा असतो, त्यास लोड सेल म्हणतात. त्याच्या मधोमध भोक पाडून तो काही जागी मुद्दाम पातळ केलेला असतो. ताटावर भार पडला की हा ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. पातळ भागांवर धातूच्या अतिशय बारीक तारेसारख्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात. ठोकळा वाकताच काही पट्ट्या ताणल्या जातात, काही आखडतात, आणि त्यांतून वाहणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. तेवढ्या बदलावरून आतील मंडल आकडा काढते. सारांश, काटा वजन ‘जाणत’ नाही. तो वाकण्याचे मोजमाप करतो आणि किती वाकले म्हणजे किती किलो हे त्याला जसे शिकविले असेल, त्याप्रमाणे सांगतो.

यातून एक विचित्र पण खरी गोष्ट निघते. ठोकळा पृथ्वीच्या ओढीमुळे वाकतो आणि ही ओढ सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्ताजवळ ती थोडी कमी आणि ध्रुवांकडे थोडी जास्त असते. उंच डोंगरावरही ती घटते. दिल्लीत जुळविलेला काटा तसाच मुंबईत आणून लावला, तर १० किलोंच्या मालास तो सुमारे ६ ग्रॅम कमी दाखवील. जुन्या तराजूस हा दोष नव्हता, कारण दोन्ही पारडी एकाच ओढीखाली असत. म्हणून नवा काटा ज्या भागात वापरावयाचा, तेथेच खऱ्या वजनांनी जुळवून व तपासून घ्यावा लागतो.

काटा विकत घेताना दुकानदार बहुधा किंमत व आकड्यांची उंची पाहतात. पाहावयाची वस्तू म्हणजे त्यावरील पट्टी. तिच्यावर तीन गोष्टी इंग्रजीत छापलेल्या असतात: ‘मॅक्स’, म्हणजे कमाल भार; ‘मिन’, म्हणजे किमान भार; आणि ‘ई’ हे अक्षर, म्हणजे तपासणीसाठी धरलेला टप्पा. दुकानातील नेहमीच्या काट्यावर कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम आणि टप्पा ५ ग्रॅम असे लिहिलेले आढळते. या वर्गाच्या काट्याची किमान मर्यादा टप्प्याच्या वीसपट असते. याचा अर्थ, अशा काट्यावर १०० ग्रॅमपेक्षा कमी माल तोलणे योग्य नाही. तरीही ५० ग्रॅम मिरी, २५ ग्रॅम वेलदोडा किंवा सुटे भाजीचे बियाणे याच ताटावर टाकले जाते. वेलदोड्याच्या २५ ग्रॅमांत ५ ग्रॅमची चूक म्हणजे पाचवा हिस्सा! महागडा माल थोडाथोडा विकणाऱ्याने त्यासाठी लहान टप्प्याचा वेगळा काटा ठेवावा. त्याचा खर्च लवकर भरून निघतो.

किती चूक क्षम्य, हेही ठरलेले आहे. वरील काट्यास पडताळणीच्या वेळी २.५ किलोंपर्यंत अडीच ग्रॅम, त्यापुढे १० किलोंपर्यंत ५ ग्रॅम व त्यापुढे साडेसात ग्रॅम एवढी अधिकउणे चूक चालते. वापरातील काट्यास याच्या दुप्पट सूट असते. १० किलोंस १५–२० ग्रॅमचा फरक पडू लागला, तर काटा बिघडला असे निश्चित समजावे.

घरच्या घरी करावयाच्या चाचण्या

प्रथम काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावा. बऱ्याच काट्यांना पातळी दाखविणारा बुडबुडा असतो. पायांचे स्क्रू फिरवून तो वर्तुळाच्या मध्यावर आणावा. पंख्याचा झोत ताटावर येता कामा नये. काटा चालू करून काही मिनिटे तसाच राहू द्यावा आणि रिकाम्या ताटावर शून्य दिसते याची खात्री करावी.

नंतर कोपऱ्यांची चाचणी. कमाल भाराच्या सुमारे एकतृतीयांश वजन, म्हणजे ३० किलोंच्या काट्यासाठी १० किलो, ताटाच्या चारही कोपऱ्यांकडे पाळीपाळीने ठेवावे. चारही ठिकाणी आकडा जवळजवळ सारखा यावयास हवा. काटा आदळला, किंवा त्यावर झेपणार नाही एवढे पोते टाकले गेले, म्हणजे लोड सेल कायमचा वाकतो आणि हा दोष प्रथम कोपऱ्यांत उघड होतो.

काही जण दोन गाठोडी वेगवेगळी तोलतात, मग एकत्र तोलतात आणि बेरीज जुळली की काटा खरा मानतात. ही चाचणी अर्धवट आहे. शून्यच चुकलेले असेल, तर ती ते पकडते. परंतु काटा प्रत्येक किलोला २० ग्रॅम या प्रमाणात कमी दाखवीत असेल, तर बेरीज तंतोतंत जुळते आणि चूक तशीच राहते. त्यास उपाय एकच, तो म्हणजे पडताळणीचा शिक्का असलेले खरे वजन. दुकानदाराने २ व ५ किलोंची अशी वजने जवळ ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा काटा ताडून पाहावा.

माल घालणाऱ्या शेतकऱ्यानेही खरे वजन बरोबर नेण्यास हरकत नाही. रिकाम्या काट्यावर ते खरे उतरले म्हणजे पोत्याचेही वजन खरे, असे मात्र धरू नये. दूरनियंत्रकाने आकडा बदलण्याची लबाडी भार असतानाच केली जाते. म्हणून पोते काट्यावर असतानाच त्यावर ५ किलोंचे वजन ठेवून आकडा बरोबर ५ किलोंनी वाढतो का, हे पाहावे. आणि शक्य असल्यास तेच पोते दुसऱ्या काट्यावरही तोलून घ्यावे. बारदान वजा करण्यास ‘टेअर’ हे बटण असते. ते बारदान रिकामे असताना दाबावयाचे असते. मिठाईच्या खोक्यालाही हाच नियम लागू आहे. खोक्याचे पैसे मिठाईच्या भावाने घेता येत नाहीत. आकडे गिऱ्हाइकास दिसतील अशा रीतीने काटा ठेवावा.

व्यापारात वापरण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घेणे बंधनकारक आहे. तपासणीनंतर काट्यावर शिक्का व मोहोर बसते आणि प्रमाणपत्र मिळते; ते दुकानात दिसेल असे लावावे. मोहोर तोडून आत हात घालण्याचा अधिकार दुकानदारास नाही. दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करावी आणि दुरुस्तीनंतर, वर्ष पुरे झाले नसले तरी, काटा पुन्हा पडताळून घ्यावा. वजनाबद्दल तक्रार असल्यास वैध मापन शास्त्र यंत्रणेच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे द्यावी, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील खरेदीच्या काट्यांवरील शिक्क्यांची तारीख पाहून ठेवल्यास ऐन गर्दीतील वाद पुष्कळ अंशी टळतात.

निगा फार अवघड नाही. युरिया व मीठ यांची धूळ हवेतील ओल धरून धातू खाते, म्हणून खतविक्रीच्या काट्याचे ताट रोज कोरड्या फडक्याने पुसावे. पाणी ओतून धुऊ नये. तार उंदरांपासून जपावी. ताटाखाली अडकलेला एखादा दाणा किंवा खडादेखील आकडा खाली ओढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वळवाच्या वादळात विजेचा खटका बंद करून काटा बॅटरीवर चालवावा. हंगामानंतर काटा गुंडाळून ठेवावयाचा असला, तर महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी बहुधा पुन्हा धरत नाही. आणि दिवाळीनंतर तो बाहेर काढाल तेव्हा आधी खऱ्या वजनांनी ताडून पाहा, मगच पहिले पोते चढवा.