तेल-एंजिनास तेल न पोहोचणे

विहिरीवरील तेल-एंजिन सुरळीत सुरू होते, पंधरा-वीस मिनिटांत आचके देत बंद पडते आणि काही वेळाने पुन्हा चालते. पिकाची पाळी चुकू लागली की पंप व फवारा खोलण्याची घाई होते. ती टाळावी. काळा धूर येत असल्यास एंजिनास तेल नव्हे, हवा कमी पडत आहे किंवा त्यावरील भार अधिक आहे. काळा धूर न येता एंजिन मंदावल्यास मात्र तेलाची वाट टाकीपासून तपासावी.

प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. तेवढ्याने एंजिन सुधारल्यास झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे असे समजावे. कुंभारीण माशीची मातीही त्यास पुरते! तेल उतरते तितकी हवा आत न शिरल्यास टाकीतील दाब घटून तेल अडते. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते. ते गाळासह काढावे. तुंबलेली गाळणी बदलावी.

गाळणी बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर नळीत हवा राहते. पंपाचा दट्ट्या ती हवाच दाबीत राहतो आणि फवारा उघडत नाही. याकरिता गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे व स्क्रू आवळावा. नंतर पंपाजवळ तसेच करावे.

फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. त्यातील तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.