बिदरी काम : शागिर्दाला आधार नेमका कुठे हवा?

व्यवसायशिक्षणाची चर्चा करताना आपण बहुधा अभ्यासक्रम, प्रमाणपत्र व विद्यार्थिसंख्या यांचाच विचार करतो. हुनर हातात उतरायला लागणारा काळ मात्र हिशेबात धरला जात नाही. बिदरी कामाच्या उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल.

बहमनी काळापासून बीदर येथे चालत आलेल्या या कलेत जस्तात थोडे तांबे (साधारणतः सोळास एक) मिसळून वस्तू ओततात. ती कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे टोकदार सळईने काढलेली नक्षी नीट दिसते. छिन्नीने कोरलेल्या खाचांत चांदी ठोकून बसवतात. तारेच्या कामास तारकशी व पत्र्याच्या कामास तहनिशान म्हणतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने धातू कायमचा काळा होतो. चांदी मात्र पांढरीच राहते.

या सर्व पायऱ्या सारख्या अवघड नाहीत. घासकाम लवकर जमते. नक्षी काढण्यास व कोरण्यास वर्षे लागतात. गरीब घरातील मुलाला तेवढी वर्षे थांबणे परवडत नाही. तो घासकामावरच अडकतो किंवा दुसरी मजुरी धरतो. गळती होते ती इथे.

या कलेला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. यामुळे कलेचा मान वाढला, पण शागिर्दाच्या भाकरीचा प्रश्न त्याने सुटत नाही. 2023 मध्येच सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये मिळतात. परंतु ती ठरावीक 18 व्यवसायांत आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे. तिचे मूलभूत प्रशिक्षणही 5 ते 7 दिवसांचेच आहे.

मग महाविद्यालयाने काय करावे? विद्यावेतन प्रवेशाच्या वेळी वाटून न टाकता घासकामाकडून नक्षीकामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखावे. उस्तादाचा शिकवण्यात जाणारा वेळ व नवशिक्याच्या हातून बिघडणारा माल यांचा मोबदला त्याला द्यावा. चित्रकला व भूमितीचे तास नक्षीशी जोडावेत. चांदीचे वजन, मजुरी व विक्रीची किंमत यांचा हिशेब गणितात शिकवावा. भाषेच्या शिक्षकांनी कारखान्यातील उर्दू-फारसी शब्द विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावेत. आपल्या कामाचे वर्णन करता आले, तर गिऱ्हाइकाशी बोलताना तो दबणार नाही.

किती मुलांनी प्रवेश घेतला, याबरोबरच किती जण छिन्नीपर्यंत पोहोचले, हेही आपल्या अहवालांत नोंदले जावे.