एकाच आडनावाचे दोन नेचे

पावसाळ्यात घाट चढताना दरडींवर, जुन्या पायऱ्यांच्या फटींत, विहिरीच्या आतल्या कड्यांवर हिरवी झालर लोंबताना दिसते. आपण तिला सरसकट ‘फर्न’ म्हणतो. मराठीत ‘नेचे’ हा चांगला शब्द आहे, तो वापरू. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानाच्या पाठीवर मात्र तपकिरी ठिपके असतात. कुंडीतल्या नेच्यावर ते दिसले की ‘कीड लागली’ म्हणून पान खुडून टाकणारे बरेच आहेत. ती कीड नव्हे. ते बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. त्यांचा आकार, जागा आणि त्यांवरचे आवरण पाहूनच वनस्पतिशास्त्रज्ञ नेचा ओळखतात.

बीजाणू धुळीइतके हलके असल्याने वाऱ्यावर समुद्रापार जातात. पण त्यातून उगवणाऱ्या नखाएवढ्या रोपावर फलन व्हायचे तर पाण्याचा पातळ थर हवाच. म्हणून नेचे सगळ्यांत जास्त आढळतात ते ओल्या डोंगरांत. आपल्या देशात पूर्व हिमालय आणि सह्याद्रीचा दक्षिण भाग ही त्यांची मोठी घरे. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात ते विहिरी-ओढ्यांच्या आसऱ्याने राहतात. झाडांच्या खोडांवर बसणारे बाशिंग मात्र चिवट असते. उन्हाळ्यात त्याची तळाची वाळकी पाने पालापाचोळा साठवून ओल धरून ठेवतात.

जगभरातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात नेच्यांच्या १०,५७८ जाती मोजल्या आहेत. रस्त्याकडेला ‘संजीवनी’ म्हणून विकली जाणारी, पाण्यात टाकताच उमलणारी वनस्पती त्यांत येत नाही. ती नेच्यांपासून फार पूर्वी फुटलेल्या वेगळ्या शाखेतली. आपल्याकडे ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांनी मुंबई इलाख्यातील नेच्यांवर १९२२ मध्येच पुस्तक लिहिले होते.

डॉक्टरने ही उठाठेव कशाला करावी? तर त्याचे कारण दोन नेचे. १७५३ मध्ये लिनियसने या दोघांना ‘टेरिस’ हे एकच आडनाव दिले, कारण दोघांच्याही पानांची कड मागे दुमडते आणि त्या घडीखाली बीजाणूंची रेघ असते.

पहिला ब्रॅकन. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत तो आहे. महाबळेश्वरच्या उतारांवरही दिसतो. वणव्यात वरचा पाला जळाला तरी जमिनीतल्या खोडातून पुन्हा फुटतो. तो सतत खाणाऱ्या गुरांची लघवी लाल होते, पुढे मूत्राशयात गाठी होतात. हिमालयातल्या पशुपालकांना हा आजार परिचित आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी उंदरांना ब्रॅकन खाऊ घातला, तेव्हा त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. त्यातले टॅक्विलोसाइड हे द्रव्य पाण्यात विरघळते आणि गाईच्या दुधातही उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ब्रॅकनला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला’ या गटात ठेवले आहे. जपानमध्ये त्याचे कोवळे कोंब राखेच्या पाण्यात मुरवून खातात. क्षारामुळे विष बरेच उतरते, पण सगळे उतरते असे मी म्हणणार नाही.

दुसरा टेरिस व्हिटाटा. हा जुन्या चुन्याच्या भिंतींवर, विहिरींच्या दगडांत सर्रास उगवतो. जमिनीत आर्सेनिक असेल तर तो ते ओढून पाल्यात साठवतो, कोरड्या वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंत. हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवले. ज्यांनी पश्चिम बंगालमधले आर्सेनिकचे रुग्ण पाहिले आहेत, तळहातावरचे टणक खडे आणि अंगावरचे काळे-पांढरे ठिपके, त्यांना या बातमीचे मोल कळेल. दूषित शेतात हा नेचा लावून माती साफ करण्याचे प्रयोग त्यानंतर झाले. अडचण एकच आणि ती मोठी आहे : कापलेला विषारी पाला टाकायचा कुठे?

आज ब्रॅकनची प्रजातीच नव्हे, कुळही वेगळे मानले जाते. उलट खोकल्यावर काढ्यात घालतात तो नाजूक काळ्या देठाचा हंसराज टेरिसच्याच कुळातला. म्हणजे दिसण्यावर जाऊन भागत नाही, आणि नात्यावर जाऊनही भागत नाही. जात नेमकी कळावी लागते.

बाह्यरुग्ण विभागात लोक कागदात गुंडाळलेला वाळका पाला आणतात आणि विचारतात, ‘हे घेतलं तर चालेल ना?’ ‘जंगली आहे, काही अपाय नाही’ हे वाक्य ठरलेले. युरोपात नर नेच्याच्या मुळाचा अर्क टेपवर्मवर विसाव्या शतकापर्यंत अधिकृत औषध होता. मात्रा जास्त झाली की दृष्टी जायची. आसामात ढेकिया, उत्तराखंडात लिंगुडा या नावाने नेच्याचे कोंब भाजी म्हणून खातात. तिथल्या बायकांना कुठला खुडायचा हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. सहलीला गेलेल्या शहरी माणसाला ते माहीत नसते, आणि कोवळ्या गुंडाळ्या सगळ्याच सारख्या दिसतात.

असा पाला कुणी आधीच घेतला असेल आणि लघवी लाल होत असेल तर काढा थांबवून तपासणी करावी. मुतखड्यापासून संसर्गापर्यंत इतर कारणेच जास्त असतात, पण डॉक्टरला पाल्याचे सांगावे. सोबत पूर्ण पान आणावे, पाठीवरच्या ठिपक्यांसकट, जमल्यास देठाच्या बुडासह. चुरा किंवा पूड आणली तर कुणालाच काही सांगता येत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. ताडून पाहायला लागणारे वाळवलेले नमुने तिथे जपून ठेवलेले आहेत.