सुप्याचं दार, कुंभारवाड्याची मांडणी

आमच्या कुंभारवाड्याच्या स्वयंपाकघरात गेल्या उन्हाळ्यात नवी मांडणी उभी राहिली. नवी म्हणायची ती आडव्या फळ्यांमुळे; दोन्ही उभ्या बाजू माझ्याहून वयानं मोठ्या आहेत!

त्याआधी आमच्याकडे विकतचं कपाट होतं. आत दाबलेला भुसा, वर गुळगुळीत पांढरा कागद. जोयड्याचा पाऊस काय असतो हे त्या कपाटाला कोणी सांगितलं नव्हतं. आषाढात कडा पापडासारख्या फुगल्या, श्रावणात दार लागेना, आणि गणपतीला रव्याचा डबा काढायला गेले तर मागे बुरशीची गादी. शेवटी ते कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "मांडणीच करून घे गं. पण खिळा मारायचा नाही. मोडून नेता आली पाहिजे."

"न्यायची कुठं?" यांनी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

आमच्या भागात हा प्रश्न साधा नाही. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. अशा प्रकल्पातून स्वेच्छेनं गाव सोडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी १० लाख रुपये ठरले होते, २०२१ साली ते १५ लाख झाले. ओळखीतले काही गेले, काही विचारात आहेत. आमच्या घरात हा विषय जेवताना निघतो आणि ताकभात संपेपर्यंत गप्प होतो. यांना मुलांची शाळा, दवाखाना, रस्ता दिसतो. सासूबाईंना काय दिसतं, ते मला त्या मांडणीमुळे थोडं कळलं.

त्यांचं माहेर सुप्याचं. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ साली ते पूर्ण झालं आणि जुनं सुपा पाण्याखाली गेलं. त्यांच्या भावाचं बिऱ्हाड रामनगरला आलं. घर उतरवताना कौलं, वासे, दारं जमेल तेवढी आणली. जे खिळ्यांनी जखडलेलं होतं ते काढताना फुटलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या मात्र शाबूत निघाल्या. नव्या चौकटीत त्या बसेनात, म्हणून आमच्या माळ्यावर आल्या. इतकी वर्षं चुलीचा धूर खाऊन काळ्या ठिक्कर पडल्या, पण वाळवी लागली नाही.

आमचे सुतारमामा कानडी बोलणारे. माझं माहेर खानापूरकडचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या तोंडून "मर ओणगबेकु" ऐकून मी दचकलेच होते. लाकूड वाळलं पाहिजे, एवढंच ते म्हणत होते! आडव्या फळ्यांसाठी अंगणातला फणस होता, वाऱ्यानं पडलेला. मामांनी तो कापून, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, पडवीच्या सावलीत रचला. इंचभर जाडीला एक वर्ष, असा त्यांचा हिशेब. मी मध्ये दोनदा घाई केली. ते नुसते हसले.

मांडणी चार फूट उंच, तीन फूट रुंद, एक फूट खोल. दाराची एकेक फळी एकेका बाजूला उभी. फणसाच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या फळीला दोन्ही टोकांना दोन-दोन जिभा काढल्या. मामा मराठीत त्याला कुसू म्हणतात. हे कुसू बाजूच्या फळीतल्या भोकातून आरपार बाहेर येतं, आणि बाहेर आलेल्या टोकात पाचर ठोकली की सगळं ताठ उभं राहतं. अशा पाचरी आठ. मधल्या फळ्या नुसत्या खाचेत बसतात. भोकं पाडताना पटाशीवर मामांनी कधी जोर केला नाही. साग जुना, चटकन चिरतो म्हणाले.

तळाची फळी त्यांनी अखंड ठेवली नाही, पट्ट्यांची केली. तिथं मुडली आणि इतर कंद राहतात, त्यांना खालून वारा हवा. पाठ उघडी, भिंतीपासून चार बोटं अंतर, कारण पावसाळ्यात भिंत घामेजते. रंग नाही, जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. फक्त वाटीत दगडाची चकती ठेवून पाय तिच्यावर टेकवायचा, नाहीतर लाकूडच पाणी पितं. फणस सुरुवातीला हळदीसारखा पिवळा होता. आता तांबूस होत चाललाय.

मांडणी उभी झाल्यावर सासूबाईंनी लगेच भरू दिली नाही. "आधी मोडून दाखवा." मामांनी लाकडी हातोडीनं पाचरी मागून ठोकून काढल्या, आणि पाव तासात ती भिंतीला टेकलेल्या फळ्यांची चळत झाली. सासूबाईंनी त्या मोजल्या. मग पुन्हा उभी करवली आणि पहिला डबा स्वतः ठेवला, तांदळाचा. "नेता येते, म्हणून ठेवते," एवढंच बोलल्या. जायचं की राहायचं, यावर त्या दिवशीही घरात काही ठरलं नाही.

डाव्या बाजूला कोयंड्याचं जुनं भोक तसंच आहे. मामा बुजवणार होते, सासूबाईंनी नको म्हटलं. त्यात आता पळी अडकवलेली असते. मामांनी दोन पाचरी जास्तीच्या दिल्या होत्या. त्या सासूबाईंनी फडक्यात गुंडाळून आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवल्यात.